पिट्सबर्गचा तो 'रोपवे' रोपवे नाहीये

मा. संपादक, स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या पिट्सबर्गवर लेख आला, लेकीने मोबाईलवर वाचून दाखवला. मी गेले तीन महिने तिच्याकडेच मुक्कामाला आहे त्यामुळे सगळी ठिकाणं ओळखीची निघाली, मजा आली. पण त्यात 'पर्यटकांसाठी उभारलेला डोंगरावरचा रोपवे' असं एका ओळीत उरकून टाकलंय ना, ते वाचून राहवलं नाही.

एक तर तो रोपवे नाही. रोपवेचा पाळणा हवेत लटकतो, हा डबा रुळावरून जातो. आपल्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे त्याच जातीतलं. दोन डबे तारेच्या दोराला बांधलेले, एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो, म्हणजे उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याच्या कामी येतं, रहाटाला दोन पोहरे लावल्यासारखं. इथले लोक त्याला नुसतं 'इन्क्लाइन' म्हणतात.

आणि पर्यटकांचं म्हणाल तर ते फार नंतर आले हो. खाली नदीकाठी कारखाने, धूर आणि जागेची मारामार, म्हणून कामगार राहायला गेले डोंगरावर. आता त्याला माउंट वॉशिंग्टन म्हणतात, तेव्हा कोल हिल म्हणायचे कारण पोटात कोळसा. दिवसभर राबायचं आणि घरी जायला तो उभा चढ पायी चढायचा, मी एकदा हौसेने पायऱ्यांनी अर्धा गेलो आणि परत फिरलो. या कामगारांत जर्मन बरेच, त्यांना दोराने ओढायच्या गाड्या त्यांच्या देशातून माहीत होत्या, मग जॉन एंड्रेस नावाच्या, मूळ प्रशियाच्या (तेव्हाचं एक जर्मन राज्य) इंजिनिअरने १८७० मध्ये मोनोंगाहेला इन्क्लाइन उभी केली. ६३५ फूट लांब आणि चढ ३५ अंशांचा. या कामात त्याची मुलगी कॅरोलिन त्याच्यासोबत होती, विचार करा, १८७० साली बाईमाणूस इंजिनिअरिंगच्या कामावर! तिने पुढे सॅम्युअल डिशर या हंगेरीत जन्मलेल्या इंजिनिअरशी लग्न केलं आणि १८७७ ची ड्युकेन इन्क्लाइन ही त्या डिशरची. म्हणजे आज उरलेल्या दोनपैकी एक सासऱ्याची, एक जावयाची. हे तुमच्या लेखात असतं तर बहार आली असती.

हो, दोनच उरल्यात, एकेकाळी शहरात सतरा होत्या. मोटारी आल्या, रस्ते झाले, कारखान्यांचं काम घटत गेलं आणि एकेक बंद पडली. ड्युकेनसुद्धा १९६२ च्या नोव्हेंबरात दुरुस्तीसाठी म्हणून बंद झाली आणि आता ही पण गेली असंच सगळ्यांना वाटलं. पण वर राहणाऱ्या लोकांनी आपल्याकडे गणपतीची काढतात तशी वर्गणी काढली, सहा महिन्यांत १५,००० डॉलर उभे केले आणि १ जुलै १९६३ ला गाडी परत सुरू. अजून त्यांचीच संस्था ती चालवते. डबे १८७७ चेच आहेत, आतलं लाकूडकाम बघत राहावं असं, आणि वरच्या स्टेशनात जुनं यंत्र बघायला मिळतं त्याच्या मोठ्या चाकाचे दात चक्क लाकडी आहेत आणि ते अजून कामावर आहेत.

वरून तीन नद्यांचा संगम दिसतो, मोनोंगाहेला आणि अलेगेनी मिळून ओहायो, त्यामुळे फोटोवाल्यांची गर्दी असतेच. पण सकाळी आठला गेलात तर डब्यात ऑफिसला निघालेली माणसं दिसतात, तेच बसचं कार्ड इथे टेकवतात, खिडकीकडे बघत पण नाहीत.

आणि शेवटचं, लेखातला फोटो. खाली नाव ड्युकेनचं छापलंय पण तो डबा मोनोंगाहेलाचा आहे. पायऱ्यांसारखे वर-खाली तीन कप्पे आहेत ना, ते तिचे. ड्युकेनचा डबा म्हणजे सरळ एक खोली. पुढच्या रविवारी जमलं तर दुरुस्ती छापा, हवा असेल तर माझ्याकडे ड्युकेनचा फोटो आहे, जरा हललाय पण चालेल.

आपला एक जुना वाचक,
नाशिकरोड (सध्या पिट्सबर्ग)