हॉस्टेलातल्या मित्रगटाबद्दल

प्रिय प्रकाश,

रेक्टर झाल्या झाल्या अडचणीतल्या मुलांचं मुलांनीच ऐकून घ्यायचं, असा मित्रगट काढायचं मनावर घेतलंस, छान केलंस. पण पोस्टर आणि उद्घाटन तूर्तास थांबव. आधी एवढं ठरव: रात्री साडेअकराला कोणी ‘मला जगायचंच नाही’ म्हणालं, तर गटातला मदतनीस पोरगा फोन कोणाला लावणार? तू, समुपदेशक आणि तू नसशील तेव्हाचा एक पर्यायी माणूस, अशी तीन नावं नंबरासकट हवीत. शिवाय जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचे वार माहीत हवेत. हे नसताना गट काढलास, तर एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर न पेलणारं ओझं देशील. असे गट बहुधा तिथेच मोडतात. उत्साह कधीच कमी नसतो, पाठीशी कोणी नसतं.

समुपदेशक नाही म्हणून कॉलेज हात वर करत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा जुलै 2025 चा निकाल पुढे ठेव. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला त्यात सांगितलंय.

आता निवड. प्राध्यापकांना विचारशील तर ते टॉपर आणि सीआर (वर्गप्रतिनिधी) यांची नावं देतील. त्यापेक्षा प्रत्येक मुलाला कोऱ्या चिठ्ठीवर दोन नावं लिहायला सांग: ‘अडचणीत असताना मी कोणाकडे जाईन?’ तीच तीच नावं आपोआप वर येतात, आणि त्यात एखादा अगदी अबोल पोरगाही असतो. दोनशे मुलांना बाराजण पुरेत, जोडी-जोडीने. मात्र सगळे एकाच गावचे, एकाच जातीचे किंवा एकाच शाखेचे झाले, तर बाकीची पोरं त्यांच्याकडे फिरकणार नाहीत. आणि जो स्वतःच सध्या खचलेला आहे त्याला या वर्षी घेऊ नकोस. त्याला ते नीट समजावून सांग.

प्रशिक्षणाला दोन पूर्ण दिवस दे. भाषणं अर्ध्या दिवसात उरक, बाकी वेळ तिघातिघांचा सराव: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता बघणारा. सात-सात मिनिटं, मग जागा बदलायच्या. बोलणारा म्हणतो, ‘विषय राहिलाय, केटी लागलीय, घरी सांगितलं नाहीये, झोप येत नाही.’ नव्वद टक्के पोरं लगेच म्हणतील, ‘अरे त्यात काय, मलापण लागली होती!’ संपलं. समोरचा तिथेच गप्प होतो. बघणाऱ्याने नेमकं तेच वाक्य टिपायचं. त्याऐवजी, ‘घरी सांगितलं नाहीस... किती दिवस एकटाच हे डोक्यात घेऊन फिरतोयस?’ आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं हाच सगळ्यात अवघड धडा, त्याला वेळ दे. ‘आई-बाबांचा विचार कर’ हे वाक्य तर बंदच करून टाक, कारण त्या विचारानेच पोरगं आधी दबलेलं असतं.

काय बघायचं तेही ठरवून दे. मेसमध्ये येणं बंद, आंघोळ नाही, दिवसा झोप आणि रात्री जागरण, सबमिशन सोडून दिलेलं. उदासी किंवा कशातच रस नसणं रोजच्या रोज दोन आठवडे चाललं, तर समुपदेशकाकडे न्यायचंच. मदतनिसाने स्वतः रोगाचं नाव सांगायचं नाही, गोळ्यांबद्दल मत द्यायचं नाही. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ‘सवय लागेल’ असं कोणीतरी म्हणालं की पोरं त्या मध्येच सोडतात.

शंका आली तर सरळ विचारायचं: ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. ‘हो’ म्हणाला तर पुढचं: कसं, कधी, ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का? ठरवलं असेल तर एक मिनिटही एकटं सोडायचं नाही. जोडीतल्या एकाने जवळ बसायचं, दुसऱ्याने तुला फोन करायचा, आणि साधन दूर करायचं काम तुझं, पोरांचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. खोल्यांच्या दारामागे चिकटव. ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नकोस. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असल्याचं मानतं आणि शिक्षेपासून वाचवतं. रुग्णालय आपली एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद करील, ती वेगळी गोष्ट.

‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीच द्यायचं नाही. सुरुवातीलाच सांगायचं: ‘माझ्यापाशीच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर मी सरांना सांगेन.’ अठराच्या खालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली) कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मदतनिसांच्या नोंदवहीत मुलाचं नाव नको. तारीख, कशाबद्दल, पुढे काय, एवढंच. या कामाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजिबात नको, एक स्क्रीनशॉट फिरला की गट बसला.

एक गोष्ट मला खटकते म्हणून सांगतो. स्कॉलरशिप अडकलेली, त्यात ‘सवलतीवाला’ म्हणून टोमणे, अशा मुलाला नुसतं समुपदेशकाकडे धाडू नकोस. त्याच्या मनात बिघाड नाही, आजूबाजूच्यांच्या वागण्यात आहे. फाइल तू हलव, आणि छळ असेल तर अँटी-रॅगिंग समितीकडे ने. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 1800-180-5522 ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइनही आहे.

राहिले मदतनीस. एका वेळी एकाकडे दोनपेक्षा जास्त मुलं नकोत, परीक्षेत पाळी बदलायची, आणि दर आठवड्याला समुपदेशकासोबत तासभर बसायचं. त्या तासात आधी ‘तुम्ही कसे आहात’, मग बाकीचं. गर्दी परीक्षेपेक्षा निकालानंतर जास्त होते, म्हणून त्या पंधरवड्यात दोन बैठका ठेव. कोणाला मध्येच थांबायचं असेल, तर कारण न विचारता थांबू दे.

निकालाच्या आत समुपदेशकाचा वार पक्का कर आणि कळव. सरावाचे सहा-सात प्रसंग मी लिहून पाठवतो, त्यात तुमच्याकडचे विषय आणि नावं तू घाल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक