आरक्षण बदलाचा वाद आणि मुख्य सभेची जबाबदारी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर पुणे महापालिकेची मुख्य सभा पुन्हा लोकप्रतिनिधींच्या हाती आली आहे. विकास आराखड्यातील आरक्षणे (शाळा, उद्याने अशा सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवलेल्या जागा) हलवण्याचे आणि जमिनींचे झोन, म्हणजे ठरवून दिलेला वापर, बदलण्याचे प्रस्ताव तिच्यापुढे येणारच, आणि त्यांतले काही उच्च न्यायालयातही जाणार. अशा वेळी ‘शहराचे नियोजन आम्ही करायचे की न्यायालयाने?’ हा प्रश्न विचारला जातो. निवडून आलेल्या सभासदाला तो पडणे स्वाभाविक आहे, पण न्यायालयच नियोजन करू लागते ही त्यामागची समजूत चुकीची आहे आणि त्याचा पुरावा आपल्याच शहरात, प्रभात रस्त्यावर आहे.

एरंडवण्यातील या रस्त्यावरचा एक भूखंड 1987 च्या विकास आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी आरक्षित होता. तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या जावयाचा तेथील बांधकामाशी संबंध होता. नव्वदच्या दशकात राज्य शासनाच्या निर्देशांवरून हे आरक्षण हलवून शहराच्या पूर्वेकडे, कित्येक किलोमीटर दूर नेण्यात आले आणि मूळ जागेवर दहा मजली इमारत उभी राहिली. महापालिकेच्या विकास नियंत्रण नियमांत आरक्षणाची जागा बदलण्याची सोय होती, परंतु 200 मीटरच्या आत. त्यापलीकडे जायचे तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार जाहीर नोटीस देणे, हरकती-सूचना मागवणे आणि सुनावणी घेणे बंधनकारक होते. ती वाट टाळण्यात आली. ज्या वस्तीतल्या मुलांची शाळा जाणार होती, त्या वस्तीला कोणी विचारलेच नाही.

उच्च न्यायालयाने 1999 मध्ये हा बदल रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2011 मध्ये तो निर्णय कायम केला. या निकालात न्यायालयाने शाळा कोठे असावी हे स्वतः ठरवले नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. कायद्याने सांगितलेली पद्धत पाळली का आणि निर्णय कोणाच्या हितासाठी झाला, एवढेच त्याने तपासले. महापालिका प्रशासनाने सुरुवातीला या बदलाला विरोध केला होता. फायलीवर ती नोंद होती म्हणूनच ती न्यायालयासमोर येऊ शकली, आणि मला या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. उद्याने-शाळांच्या जागांसाठी परिसरातल्या रहिवाशांना दाद मागता येते, हेदेखील सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच बंगळुरूच्या प्रकरणात मान्य केले आहे. तेथे उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती.

आरक्षणामुळे वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या जमीनमालकांचे दुःख मी नाकारत नाही. दहा वर्षांत संपादन झाले नाही तर नोटीस देऊन जमीन मोकळी करून घेण्याचा मार्ग याच अधिनियमाच्या कलम 127 ने त्यांना दिला आहे. तो मार्ग असताना शासनाच्या निर्देशाने किंवा घाईघाईच्या ठरावाने आरक्षण हलवणे मालकाच्याही हिताचे नसते, कारण वरच्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत दशकाहून अधिक काळ गेला आणि शेवटी ती इमारत पाडावी किंवा महापालिकेला द्यावी, अशी वेळ आली.

म्हणून नव्या सभागृहाला माझी विनंती आहे. आरक्षण बदलाचा एखादा निर्णय न्यायालयात आव्हानित झाला, तर महापालिकेच्या नावाने जाणारे प्रतिज्ञापत्र विधी विभागातूनच परस्पर जाऊ नये. तो विषय शहर सुधारणा समितीपुढे आणि मग मुख्य सभेपुढे यावा, त्यावर उघड चर्चा व्हावी, विरोधातली मतेही नावानिशी इतिवृत्तात नोंदली जावीत, आणि मूळ फाइल, आलेल्या हरकती व सुनावणीचा अहवाल यांसह सर्व कागद न्यायालयासमोर ठेवण्याचा ठराव सभेने करावा. निकाल विरोधात गेल्यास करदात्यांच्या पैशातून पुढे अपील करायचे की नाही, हेही याच सभेने मतदान घेऊन ठरवावे.

आपला,
एक करदाता नागरिक, एरंडवणे, पुणे