माझुर्का म्हणजे वॉल्ट्झ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पोलिश संगीतकार व पियानोवादक शोपँवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यात माझुर्का या पोलिश नृत्यप्रकाराला 'वॉल्ट्झचाच एक प्रकार' म्हटले आहे, ते मुळीच पटले नाही. दोन्ही नृत्यांत तीन मात्रा असतात, पण साम्य तिथेच संपते. वॉल्ट्झचा आघात पहिल्या मात्रेवर ठरलेला असतो. माझुर्कात तो बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि एकाच रचनेत जागाही बदलतो. ही लय पोलंडमधील माझोव्हिया आणि कुयावी या भागांतल्या खेडुतांच्या नृत्यांतून आली: ठसकेबाज माझुर, संथ कुयावियाक आणि गरगर फिरवणारा ओबेरेक. शोपँचा जन्मही (१८१०) माझोव्हियातल्याच झेलाझोवा व्होला या गावचा.

शोपँच्या ऑपस (रचना-क्रमांक) ६८ मधल्या तिसऱ्या माझुर्काचा मधला लहानसा भाग लक्ष देऊन ऐकावा. डावा हात षड्ज-पंचमाची जोडी धरून ठेवतो, गावातल्या मशकवाद्याचा अखंड सूर असतो तशी. वर उजव्या हाताची धून तीव्र मध्यम घेऊन बासरीसारखी खेळते. वॉल्ट्झच्या दिवाणखान्यात हे सूर कधी आले नसते!

लयीबाबत तर शोपँच्या हयातीतच वाद झाले. तो स्वतः माझुर्का वाजवी तेव्हा पहिल्या मात्रेवर इतका रेंगाळे की तीनऐवजी चार मात्रा ऐकू येत, असे पियानोवादक चार्ल्स हाले याने आठवणींत लिहिले आहे. हे दाखवून दिल्यावर शोपँ हसला आणि ही आपल्या देशाच्या नृत्याचीच खूण असल्याचे त्याने सांगितले. संगीतकार मायरबेअरने मात्र एका माझुर्कात दोनच मात्रा असल्याचा हट्ट धरला, तेव्हा हाच शोपँ संतापला. नोटेशनमध्ये न मावणारी ही लवचीकता हाच माझुर्काचा प्राण आहे; ती वगळून काटेकोर ठेक्यात वाजवलेला माझुर्का मला निर्जीव वाटतो.

वॉर्सातील शोपँ स्पर्धेत १९२७ पासून माझुर्कासाठी वेगळे पारितोषिक ठेवलेले आहे, ते उगाच नव्हे. १९५५ मध्ये ते शांघायमध्ये जन्मलेले पियानोवादक फू त्सुंग यांनी मिळवले. म्हणजे ही लय पोलिश मातीतली असली, तरी कान देणाऱ्या कोणालाही ती साधते. पुरवणीत या नृत्यांवर, निवडक ध्वनिमुद्रणांच्या यादीसह, एक स्वतंत्र लेख द्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक