हत्तीपक्ष्याचं अंडं घेण्याआधी

लंडन

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हत्तीपक्ष्याचं अंडं घ्यायचं म्हणता, तर विक्रेता ‘अखंड’ म्हणाला की तिथूनच शंका घ्या. मादागास्कर बेटावरचा हा अवाढव्य, न उडणारा पक्षी सुमारे १,००० वर्षांपूर्वी संपला. अंडं ३० सेंटीमीटरच्या आसपास उंच, आत ८-९ लिटर पाणी मावेल एवढं. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर कवचाचे तुकडे वाळूत भरपूर मिळतात, पूर्ण अंडी मात्र फार थोडी. त्यामुळे विक्रीला येणारी पुष्कळशी तुकडे चिकटवून जुळवलेली असतात. जुळवलेलं असणं हा दोष नाही, ते लपवणं हा आहे. २०१३ साली इथे क्रिस्टीजच्या लिलावात एक अंडं ६६,६७५ पौंडांना गेलं. अशा किमती असल्या की लपवायचा मोह होणारच.

आधी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पाहा. गोंद, राळ, रंग आणि प्लास्टरची भर कवचापेक्षा वेगळी चमकते. मग १० पट भिंगातून छिद्रं तपासा. खऱ्या कवचावर बारीक, लांबट खाचांसारखी छिद्रं असतात. राळेच्या नकलेत ती नसतात, गोल बुडबुडे दिसतात. शेवटी डोळे मिटून सांध्यांवरून बोट फिरवा. कवच ३ ते ४ मिलिमीटर जाड असतं, पण प्रत्येक अंड्याची जाडी आणि गोलाई थोडी निराळी. दोन-तीन अंड्यांचे तुकडे एकत्र केले असतील तर सांध्यावर पायरी लागते आणि फटी भरून काढलेल्या असतात. मात्र वाळूने झिजलेल्या कडा एकाच अंड्याच्या असल्या तरी घट्ट बसत नाहीत, तेव्हा नुसत्या फटीवरून निकाल देऊ नका.

कोणता गोंद वापरलाय ते नक्की विचारा. इपॉक्सी असेल तर पुढे सांधा उलगडता येत नाही. पॅरालॉइड बी-७२ हा ॲक्रिलिक गोंद ॲसिटोनमध्ये विरघळतो, म्हणून संग्रहालयं तो वापरतात. पण ४० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. उन्हात बंद काचपेटी ठेवली की सांधे सरकलेच.

ओकच्या लाकडी कपाटात तर ठेवूच नका. त्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते आणि कवचातल्या चुन्यावर पांढरी भुकटी धरते. पावडर-कोटिंगचा रंग दिलेल्या पत्र्याचं कपाट बरं. व्हिनेगर किंवा लिंबाने पुसणं म्हणजे कवच विरघळवणंच. मऊ, कोरडा ब्रश पुरे.

कागदांशिवाय पैसे देऊ नका. परवान्याशिवाय मादागास्करमधून अंडी किंवा तुकडे बाहेर नेता येत नाहीत. ‘आजोबांच्या संग्रहातलं’ हे तोंडी चालत नाही; जुनी पावती, फोटो, निर्यात परवाना, काहीतरी लेखी हवं. भारतात आणण्याआधी सीमाशुल्क विभागाकडूनही लेखी उत्तर घ्या.

विक्रेत्याकडून दोन्ही टोकांचे, चारी बाजूंचे आणि अतिनील प्रकाशातले फोटो मागवा, प्रत्येकात मोजपट्टी ठेवायला सांगा, आणि मला पाठवा.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
पुतण्या