कांड्यांवर चालणारं पॉवर हाऊस

सेल्बी, यॉर्कशायर
रविवार

ती. आप्पांस,
शि. सा. न.

मी इथल्या ड्रॅक्स वीजकेंद्राचं सांगायला लागले तर तुम्ही फोनवर हसलात, "लाकडावर वीज? मग आजीची चूल काय वाईट होती?" म्हटलं, हे लिहूनच कळवावं.

इथून थोडं बाहेर पडलं की सपाट शेतांत बारा कूलिंग टॉवर आणि २५९ मीटरची चिमणी. सहा संच, प्रत्येकी साधारण ६६० मेगावॅटचे. आपल्या भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या नव्या सहाव्या संचासारखे सहा धरा. १९७४पासून कोळसा खाल्ला. २०१३पासून एकेक करत चार संच लाकडाच्या पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर, नेले आणि २०२१मध्ये कोळशावरची वीज विकणं थांबवलं. बॉयलर तेच, टर्बाइन तीच. सगळ्यात जास्त बदललं ते दीपनगरला तुमचं होतं ते खातं, कोल हँडलिंग, म्हणजे कोळसा उतरवून बॉयलरपर्यंत पोचवणं!

तुमचा कोळसा यार्डात उघड्यावर पडायचा. पावसाळ्यात कोळसा दळायच्या मिल चोक झाल्या की तुम्ही पहाटे काळेठिक्कर होऊन यायचात, पण भिजला तरी कोळसा कोळसाच राहायचा. पेलेटचं तसं नाही. इथे मांजराच्या शी-शूसाठी असेच पेलेट पिशवीत मिळतात (खरंच!). त्यातल्या चार कांड्या मी वाटीभर पाण्यात टाकल्या. करंगळीहून बारीक, गुळगुळीत. बघता बघता साबुदाण्यासारख्या फुगल्या आणि वाटीत नुसता भुसा. म्हणून इथे रेल्वेच्या वाघिणींना वरून झाकणं आणि साठवायला ५० मीटर उंच बंद घुमट. ढीग आतून तापतो, त्याची धूळ भडकते, म्हणून घुमटात नायट्रोजन सोडायची सोय. राख मात्र जेमतेम १ टक्का. आपल्या कोळशात ३५-४० टक्के! उष्णताही किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे आपल्या कोळशाच्या तोडीची.

माझं अडतं ते पुढे. बरंचसं लाकूड येतं अमेरिकेतून, लुइझियाना-मिसिसिपीकडून, बोटीने. इथल्या चिमणीतला कार्बन इथल्या हिशेबात शून्य. तो मांडायचा झाड तोडलं त्या देशाच्या खात्यावर. मला हे उधारीच्या वहीसारखं वाटतं. शेजारचे आजोबा सेल्बीच्या खाणीत होते, २००४मध्ये त्या बंद झाल्या. ते म्हणतात, पायाखाली कोळसा असताना समुद्रापलीकडून लाकूड आणतात. त्यांचा राग समजतो, पण कोळसा गेला ते बरंच झालं.

त्यापेक्षा आपली कापसाची पऱ्हाटी बरी. २०२१मध्ये केंद्र सरकारने कोळशावरच्या औष्णिक वीजकेंद्रांना ५ टक्के शेतकचऱ्याचे पेलेट मिसळायला सांगितलंय. बांधावर पेटवून देतो तीच पऱ्हाटी, तुऱ्हाटी. गावोगावची गोळा करून आणणार कोण, ही खरी कटकट.

तुमच्या जुन्या मंडळींना विचाराल का, दीपनगरला पेलेट येतात का? आणि आले असतील तर बॉयलरच्या नळ्यांवर क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट बसलेली राख, जास्त धरतं का? शेतकचऱ्यात पोटॅश असतं, त्याने राख लवकर वितळते, म्हणून विचारते.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल पाठवू का, कळवा.

तुमची,
मनू