दुचाकीवरच्या जादा उपकरणांना स्वतंत्र फ्यूज बॉक्स हवाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

श्रावण लागला की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी भागातील तरुण मुले शनिवार-रविवार गाठून माळशेज किंवा कसारा घाटाकडे निघण्याची तयारी करू लागतात, आणि त्या तयारीत मोटारसायकलला फॉग लाइट, मोबाइलचा चार्जर आणि मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवून घेणे आता रेनकोट विकत घेण्याइतकेच नेहमीचे झाले आहे. या वस्तूंना माझा विरोध नाही. घाटातल्या धुक्यात खाली बसवलेला पिवळा दिवा खरोखर उपयोगी पडतो, आणि दिवसभर घरोघरी सामान पोहोचवणाऱ्या मुलाचा तर चार्जर बंद पडला की रोजगारच थांबतो. माझे म्हणणे या वस्तू जोडण्याच्या पद्धतीविषयी आहे. महापे-रबाळे पट्ट्यातील कारखान्यांत ३१ वर्षे कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचे काम करून मी निवृत्त झालो आहे, आणि गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या गाडीत जे पाहिले त्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

भाचा महापे येथे दुसऱ्या पाळीत कामाला असतो आणि रात्री अकरानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याने कळव्याला घरी येतो. त्याने एका दुकानातून ४० वॅटचे दोन फॉग लाइट, यूएसबी चार्जर आणि जोडहॉर्न बसवून घेतले होते. आषाढातल्या एका पावसाळी रात्री रबाळ्याच्या पुढे फॉग लाइट एकदम गेले, तेव्हा आत पाणी शिरले असेल असे समजून तो तसाच पुढे आला, कारण समोरचा हेडलाइट चालू होता. त्या गाडीत हेडलाइटचा फ्यूज वेगळा आहे. मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि हॉर्न मात्र एकाच फ्यूजवर होते आणि तो उडाला होता. दिघ्याजवळ एका टेम्पोचालकाने शेजारी येऊन ओरडून सांगितले, तेव्हा कुठे त्याला कळले की इतका वेळ कंटेनरांच्या रांगेपुढे तो मागून पूर्ण अंधारात गाडी चालवत होता.

दुसऱ्या दिवशी १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २० अँपिअरचा पिवळा फ्यूज बसवण्यात आला आणि "आता उडणार नाही" असे त्याला सांगण्यात आले. तो खरोखरच उडाला नाही. आठ दिवसांनी विटाव्याच्या कोंडीत गाडी उभी असताना सीटखालून प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, मग धूर दिसला, आणि त्याने कसाबसा बॅटरीचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची जोडणी, ओढून काढला म्हणून गाडी वाचली.

त्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सीट काढून ते वायरिंग उघडले. मागच्या दिव्याकडे जाणारी कंपनीची बारीक वायर मधेच सोलून तिच्यावर तीन नव्या वायरी हाताने पीळ देऊन गुंडाळल्या होत्या आणि वर काळी टेप मारली होती. उष्णतेने टेपचा गोंद काकवीसारखा पातळ होऊन खाली ओघळला होता. आतले तांबे काही ठिकाणी हिरवे आणि काही ठिकाणी कोळशासारखे काळे पडले होते. नव्या वायरीची एक तार चाकूने खरवडली तेव्हा तांबूस मुलाम्याखालून पांढरे अ‍ॅल्युमिनियम निघाले. जोडापासून वर वीतभर लांबीपर्यंत इन्सुलेशन मऊ पडून शेजारच्या वायरींना चिकटले होते. आणि या सगळ्यापासून दोन हातांवर तो पिवळा फ्यूज अगदी नव्यासारखा शाबूत होता.

वायर जळते आणि फ्यूज शाबूत राहतो, हे उलटे का घडले ते सर्वसामान्य वाहनधारकाने समजून घ्यावे. फ्यूज हा दिव्याच्या किंवा चार्जरच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे, पण त्याचे पहिले काम वायरीचे रक्षण करणे हे आहे. वायरीला सोसवेल त्याहून जास्त प्रवाह वाहू लागला, तर वायर तापण्यापूर्वी वितळावा असा तो मुद्दाम ठेवलेला सर्वांत कच्चा दुवा असतो. म्हणून फ्यूज किती अँपिअरचा हे वायरीच्या जाडीवरून ठरते. बारीक वायर तशीच ठेवून मोठा फ्यूज घातला, की वायर स्वतःच फ्यूज बनते.

आता साधा हिशेब पाहावा. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. मागच्या दिव्याचा जुन्या पद्धतीचा बल्ब ५ आणि २१ वॅटचा असतो, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही १२ व्होल्टला जेमतेम सव्वादोन अँपिअर. तेवढ्यासाठी कंपनी साधारण अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर देते आणि ती पुरेशी असते. त्याच वायरीवर ४० वॅटचे दोन दिवे टाकले की पावणेसात अँपिअर वाढतात, जोडहॉर्न वाजवताना आणखी सहा-सात, चार्जरचा एखादा अँपिअर, शिवाय इंडिकेटर. सगळे एका क्षणी चालले तर बेरीज १५ अँपिअरच्या वर जाते. १० चा फ्यूज उडाला तो त्याचे कर्तव्य करून उडाला होता. त्याने दिलेली सूचना ऐकण्याऐवजी आपण त्याला बदलून टाकले.

यावरचा उपाय जुना आहे आणि चारचाकी गाड्यांत कंपन्या तोच वापरतात. जादा उपकरणांसाठी एक स्वतंत्र, चार किंवा सहा घरांचा लहान फ्यूज बॉक्स सीटखाली बसवायचा आणि कंपनीच्या मूळ वायरिंगवर कोणताही भार टाकायचा नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून अडीच चौरस मिलिमीटरची, दुकानात 'अडीचची' म्हणून मिळणारी, अस्सल तांब्याची लवचीक वायर घ्यावी. त्या वायरीवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच मुख्य फ्यूज असावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कोणाच्याच संरक्षणाखाली नसतो आणि तो जितका लहान तितके बरे. वर सांगितलेल्या भाराला २० चा मुख्य फ्यूज योग्य ठरतो. तिथून वायर रिलेच्या, म्हणजे छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, ३० क्रमांकाच्या टोकाला जाते, ८७ क्रमांकाच्या टोकातून बॉक्समध्ये येते, आणि बॉक्समधल्या प्रत्येक घरातून एकेका उपकरणाला स्वतःचा फ्यूज मिळतो: फॉग लाइटच्या जोडीला १०, हॉर्नला १०, चार्जरला ३ किंवा ५.

रिलेच्या उरलेल्या दोन टोकांपैकी ८५ ला अर्थ द्यायचा, म्हणजे ते बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडायचे, आणि ८६ ला चावी फिरवल्यावर ज्या वायरीत वीज येते तिच्यातून इशारा घ्यायचा. मूळ वायरिंगशी आपला संबंध येतो तो एवढाच. रिलेच्या आतल्या कॉइलला एका अँपिअरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास प्रवाह पुरतो, त्यामुळे कंपनीच्या बारीक वायरीला तो जाणवतही नाही, आणि चावी काढली की सगळी उपकरणे आपोआप बंद होतात. चार्जर थेट बॅटरीवर जोडून रात्रभर तसाच राहिल्याने सकाळी सेल्फ न लागण्याची तक्रारही त्यामुळे मिटते.

परंतु केवळ बॉक्स बसवला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांना माझ्या व्यवसायातली एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सैल किंवा गंजलेल्या जोडात निर्माण होणारी उष्णता फ्यूजला कळतच नाही. प्रवाह मर्यादेत असतो, पण जोडाचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढलेला असल्याने सगळी आग त्या एका बिंदूवर साठत जाते. पॅनेलमध्ये आम्ही एकही वायर हाताने पिळून जोडत नसू. योग्य मापाचा लग, तो वायरीवर दाबून पक्का करणारी क्रिंपिंगची पक्कड, वरून उष्णतेने आवळणारी स्लीव्ह आणि शेवटी हाताने ओढून पाहणे, हा क्रम ठरलेला असे. मोटारसायकलवर तर याची गरज अधिक आहे, कारण तिथे कंपन सतत चालू असते आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. नुसते डाग दिलेले (सोल्डर केलेले) जोड कंपनाने डागाच्या कडेला तुटतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. अर्थची वायरही पॉझिटिव्हइतकीच जाड घेऊन बॅटरीच्या निगेटिव्हलाच न्यावी. रंग दिलेल्या चासीच्या बोल्टखाली ती दाबली तर पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो. हँडलच्या मानेजवळून जाणाऱ्या वायरींना थोडी ढील ठेवून बाहेरून नळी घालावी, कारण हँडल वळताना तिथेच त्या घासतात.

फ्यूज बॉक्सने वीज वाढत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागेल. ठरावीक वेगाला गाडीचा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग, ठरावीक वॅटच देतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर सतत चालू राहतो, त्यामुळे दिवसा शिल्लक राहणारी वीजही आता दिव्यात जाते. घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडी ते गायमुख अशा कोंडीत इंजिन मंद चालत असताना मॅग्नेटोची वीज आणखी कमी होते आणि जादा उपकरणे बॅटरीतून खाऊ लागतात. लहान गाड्यांत ही बॅटरी चार-पाच अँपिअर-तासांचीच असते. घरी साधा मल्टिमीटर असेल तर तपासणी सोपी आहे. चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन मध्यम वेगाने चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. सगळी उपकरणे चालू केल्यावर हा आकडा १३ च्या खाली उतरत असेल, तर भार जास्त झाला आहे आणि काहीतरी कमी केलेच पाहिजे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर ४० वॅटच्या जोडीपेक्षा कमी वॅटचा एकच एलईडी दिवा मी सुचवीन. २०२० पासूनच्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांत इंधनाचे आणि इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते, म्हणून त्या गाड्यांत कोणती वायर सोलायची याचा अंदाज बांधत बसू नये. सर्किटचा नकाशा पाहूनच इशाऱ्याची वायर निवडावी.

फिटिंग करणाऱ्या कारागिरांना सरसकट दोष देण्याची माझी इच्छा नाही. गिऱ्हाईक अर्ध्या तासात गाडी मागते, दिव्याच्या किमतीत फिटिंग फुकट हवे म्हणते, आणि आत काय केले ते कधीच पाहत नाही. फ्यूज बॉक्स, रिले, वायर आणि लग यांचे सामान फार महाग नसते, पण ते नीट बसवायला दोन-तीन तास लागतात आणि त्या वेळेचे पैसे कारागिराला मिळाले पाहिजेत. म्हणून सूचना अशी आहे की उपकरणे विकणाऱ्या दुकानांनी बिलावर उपकरणाचे वॅट, वायरीचे माप आणि फ्यूजचे अँपिअर हे तीन आकडे लिहून द्यावेत, आणि गिऱ्हाइकाने ते मागून घ्यावेत. आयटीआयमधून वायरमन आणि इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना दुचाकीच्या या कामाचे एखाद-दोन दिवसांचे प्रात्यक्षिक दिले, तर आपल्या शहरांत त्यांना कामही भरपूर मिळेल. आणि रोजच्या वापराच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी सीटखाली फ्यूजसह एक जादा जोडणी कारखान्यातूनच द्यावी, अशी माझी विनंती आहे. लोक उपकरणे बसवणार हे त्यांना ठाऊक असते. हॉर्नबाबत एवढेच सांगतो की एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार निषिद्ध आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी कोणी फ्यूजचे घर राखून ठेवू नये.

भाच्याच्या गाडीचे वायरिंग आम्ही दोघांनी दोन रविवार बसून नव्याने केले. जळलेला तुकडा काढून मूळ वायर दुरुस्त केली, पुन्हा १० चा लाल फ्यूज घातला, सहा घरांचा बॉक्स बसवला आणि त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणते घर कशाचे ते कागदावर लिहून चिकटवले. गेल्या महिन्यात मुसळधार पावसात चार्जरच्या तोंडात पाणी गेले. घरी आल्यावर त्याने मला फोन केला, "मामा, तीन नंबरचा उडालाय, जांभळा." चार्जर तेवढा बंद होता, आणि मागचा दिवा महाप्यापासून कळव्यापर्यंत चालू होता.

आपला,
एक निवृत्त पॅनेल वायरमन,
ऐरोली, नवी मुंबई