कोंबडीखाद्याच्या पोत्यावर अफलाटॉक्सिनचा (बुरशीच्या विषाचा) आकडा का नाही?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मोहोळ, बार्शी, मंगळवेढा कुठंही पोल्ट्रीवाल्याशी बोला, खाद्य महाग झालं हेच रडगाणं, आणि ते खरंच आहे कारण अंड्याच्या खर्चातला ६५-७० टक्के खर्च खाद्याचाच. पण पैसे मोजून पोत्यात नेमकं काय येतंय यावर कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

पोत्यावर क्रूड प्रोटीन १८ टक्के छापलेलं असतं, आपण तेवढं बघून पोती उतरवून घेतो. आता हे प्रोटीन लॅबमध्ये मोजतात कसं, तर नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं, बास. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो हे शेतकऱ्याला सांगायला नको, म्हणजे कुणी क्विंटलला एक किलो युरिया मारला की रिपोर्टवर प्रोटीन जवळजवळ ३ टक्के वाढलेलं दिसतं. गाई-म्हशी तरी थोडाफार युरिया पचवतात, कोंबडीला त्याचा काय उपयोग? तिला लायसिन, मिथिओनिन ही खऱ्या प्रोटीनमधली अमिनो आम्लं पाहिजेत. चीनमध्ये याच हिशोबानं मेलामाइन (प्लास्टिकसाठी वापरतात ते भरपूर नायट्रोजनचं रसायन) खाद्यात मिसळत होते, २००८ ला हाँगकाँगमध्ये अंड्यात सापडलं तेव्हा बोंबाबोंब झाली. आपल्याकडं सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही, पण नुसत्या टक्क्यावर भरवसा ठेवू नका एवढंच.

दुसरं आणि माझ्या मते जास्त वाईट म्हणजे बुरशी. परतीच्या पावसात भिजलेला मका नीट वाळवत नाहीत, १३-१४ टक्क्यांच्या वर ओल राहिली की गोदामात बुरशी धरते आणि त्यातनं अफलाटॉक्सिन तयार होतं. मका भरडला की डोळ्याला काही दिसत नाही, आणि उष्णता दिली तरी हे विष सहजासहजी जात नाही. शेंगा चटणीसाठी आपण सोलापूरकर खवट, काळपट दाणा बघून बाजूला टाकतो ना, तसं कोंबडीला करता येत नाही, पुढ्यात पडेल ते खाणार बिचारी. शेंगदाणा पेंडीतही हीच भानगड, विष तेलात कमी आणि पेंडीत जास्त राहतं. १९६० ला इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या त्या असल्याच पेंडीनं, तिथनंच तर याचा शोध लागला.

आता मक्याच्या स्टार्चपासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, म्हणजे डीडीजीएस, स्वस्त म्हणून खाद्यात येतोय. चोथा वाईट नाही पण मका मुळातच बुरशीचा असेल तर स्टार्च निघून गेल्यावर उरलेल्या मालात विष साधारण तिप्पट होतं, हे घेणाऱ्याला कोण सांगतं?

कोंबडी लगेच मरत नाही हीच तर गोची. अंडी घटतात, लिव्हर पिवळं पडतं, लस दिली तरी नीट लागू होत नाही आणि आपण डॉक्टरला नाहीतर उन्हाळ्याला दोष देत बसतो. आणि हो, वाचकांनी घाबरून अंडी सोडू नयेत, अंड्यात हे फार कमी उतरतं. २०२० ला कोरोनाच्या अफवेनं आमचं कंबरडं मोडलं होतं, परत तसलं व्हॉट्सअ‍ॅप नको.

बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मानकात अफलाटॉक्सिन बी-१ ची, म्हणजे त्यातल्या सगळ्यात विषारी प्रकाराची, मर्यादा २० पीपीबी (अब्जात २० भाग) आहे, म्हणजे टनाला २० मिलिग्रॅम. मग हा आकडा, लॉट नंबर आणि तयार केल्याची तारीख पोत्यावर ठळक छापायला काय अडचण आहे? मी घेतो त्या पोत्यावर तारीख असते ती पण शिक्का पुसट, चष्मा लावूनही वाचता येत नाही. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागानं पावसाळ्यानंतर दुकानातनं सॅम्पल उचलून तपासावेत आणि रिझल्ट तुमच्या पेपरात द्यावेत. पोल्ट्रीवाल्या मित्रांनो, तोवर कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नका, बिलावर लॉट नंबर लिहून घ्या आणि प्रत्येक लॉटचं अर्धा किलो खाद्य कोरड्या जागी सील करून ठेवा, उद्या भांडायची वेळ आली तर तेवढाच पुरावा.

आपला,
एक लेअर (अंड्यांच्या कोंबड्यांचा) पोल्ट्रीवाला, मोहोळ तालुका, जि. सोलापूर